झेरॉक्सच्या प्रयोगाची उरलेली अर्धी गोष्ट

"कारण" हा शब्द घातला की लोक ऐकतात, हा सल्ला फार फिरतो. तो आलाय मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांच्या 1978 च्या झेरॉक्सच्या प्रयोगातून, आणि बहुतेक वेळा अर्धाच सांगितला जातो.

मशीन वापरायला निघालेल्या माणसाला विचारलं, "माझी पाचच पानं आहेत, आधी काढू का?" 60 टक्के लोक हो म्हणाले. त्यात "कारण मला झेरॉक्स काढायच्यात" एवढं जोडलं, तर 93 टक्के. कारण म्हणून यात काहीच नाही! पण पानं 20 केली आणि ही जादू संपली. कारण न देता विचारलं तरी 24 टक्के, पोकळ कारण दिलं तरी 24च. "घाईत आहे" म्हटल्यावर मात्र 42. समोरच्याला झळ बसणार असली की तो 'कारण' हा शब्द नाही, दिलेलं कारण तपासतो. तेव्हा मागणी मोठी असेल तर आधी कारण पक्कं करा, शैलीचं नंतर बघू.

शैलीत मी सगळ्यात आधी 'पण'ची जागा बघतो. "काम चोख होईल, पण वेळ लागेल" यात डोक्यात राहतो तो वेळ. "वेळ लागेल, पण काम चोख होईल" यात चोखपणा. माहितीत काडीचा फरक नाही. नकाराच्या पत्रात 'पण'च्या आधी केलेलं कौतुक म्हणूनच कुणाला खरं वाटत नाही.

क्रियापदही साधं नसतं. लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये अपघाताच्या फिल्म दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात गाड्या "जोरात आदळल्या" अशा अर्थाचं क्रियापद होतं तेव्हा सरासरी उत्तर ताशी 40.5 मैल, नुसत्या "लागल्या" अशा अर्थाचं होतं तेव्हा 31.8. फिल्म त्याच.

"मला वाटतं, कदाचित, बहुतेक" ही तिन्ही एका वाक्यात आली की लिहिणाऱ्याचाच स्वतःवर भरवसा नाही असं दिसतं. शंका लपवू नका, पण ती जिथे आहे तिथेच ठेवा: "तारीख नक्की आहे, रक्कम अंदाजे." उलट टोकाला 'च'चा मारा. "हे केलंच पाहिजे, आत्ताच पाहिजे" म्हटलं की वाचणारा हट्टाला पेटतो.

आणि ते "योग्य ती कार्यवाही करण्यात येईल"! कोण करणार, कधी करणार, काहीच नाही. त्याऐवजी "सोमवारी दुपारपर्यंत मी यादी पाठवतो" लिहा. अर्थात, पाठवणार असाल तरच.