‘गाडीच जिंकली’ म्हणणाऱ्यांना

टॉम क्रिस्टेन्सनबद्दलचा एक मजकूर सध्या फिरतोय. फ्रान्समधली ल मान्सची २४ तासांची शर्यत त्याने ९ वेळा जिंकली ती ऑडीमुळे, तिथे तिघे आळीपाळीने गाडी चालवतात म्हणून एकट्याचं श्रेय थोडंच, आणि फॉर्म्युला वनमध्ये ज्यांना जागा मिळत नाही तेच या शर्यतींकडे वळतात, असं त्यात म्हटलंय. या डॅनिश ड्रायव्हरवर हा सरळ अन्याय आहे.

आधी ऑडीचं बघू. १९९७ चा पहिला विजय योस्ट संघाच्या पोर्शेतला. बोलावणं आयत्या वेळी आलेलं, ल मान्सला तो पहिल्यांदाच उतरत होता, तरी शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी त्याचीच. २००३ मध्ये गाडी बेंटलीची होती. २००० ते २००२ मध्ये ऑडीची आर८ इतरांना भारी होती, हे मला मान्य आहे. पण २००४ मध्ये तो जपानच्या टीम गो या खासगी संघाकडून जिंकला, तेव्हा समोरही त्याच्यासारख्याच आर८ गाड्या होत्या! आणि २००८? पात्रता फेरीत प्रतिस्पर्धी प्यूजो कंपनीच्या तिन्ही गाड्या ऑडीच्या पुढे होत्या. कोरड्या रस्त्यावर त्यांना गाठणं शक्यच नव्हतं. पाऊस आला आणि क्रिस्टेन्सन, मॅकनिश, कापेलो या तिघांनी तिथे शर्यत फिरवली.

तिघे चालवतात, हे खरंच. पण २००० ते २००५ अशी सलग सहा वर्षं बघा. संघ बदलले, जोडीदार बदलले, कायम राहिलेलं नाव एकच. शिवाय आळीपाळीने चालवणं सोपं नसतं. गाडीची जुळणी तिघांनाही चालेल अशी ठेवायची, रात्रभर त्याच शर्यतीत धावणाऱ्या संथ गटातल्या गाड्यांमधून वाट काढायची आणि पुढच्याच्या हाती गाडी धड द्यायची.

फॉर्म्युला वनचा मुद्दा तर टिकतच नाही. दोनदा जगज्जेता झालेला फर्नांडो अलोन्सो २०१८ आणि २०१९ मध्ये ल मान्स जिंकला, तो जागा मिळेना म्हणून नव्हे.

आणि एकट्याने चालवायची जर्मन टूरिंग कार मालिका, डीटीएम? २००५ आणि २००६ मध्ये क्रिस्टेन्सन तिथे तिसरा आला. २००७ च्या एप्रिलमध्ये हॉकेनहाइमला त्याला जबर अपघात झाला. जूनमध्ये तो ल मान्सला पुन्हा गाडीत बसला होता.