‘कडं आहे ना, मग लाव टोचन!’

पाऊस सुरू झाला की गाडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज न चुकता फिरतो. त्याचा सारांश असा: वेगळे रिकव्हरी पॉइंट (रुतलेली गाडी ओढून काढायला चासीवर बसवायचे मजबूत हुक) बसवणं ही ॲक्सेसरीवाल्यांची लूट आहे. कंपनीने कडं दिलेलंच असतं. बाजारातल्या हुकावर पाच टन लिहिलेलं असतं आणि गाडी दोन टनांची, मग घाबरायचं कशाला? नाहीतर टो बॉल (मागे ट्रेलर जोडायचा गोळा) आहे, बुलबार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) आहे, गावात वेल्डर आहे. पट्टा अडकवा, एक झटका द्या, गाडी बाहेर.

मीही हेच धरून चालायचो. कामशेतच्या पुढे भातखाचराच्या कडेला माझी गाडी एक्सलपर्यंत रुतली. मागच्या कड्याला साखळी लावली, ट्रॅक्टरने हिसका दिला, आणि कडं तुटून थेट पलीकडच्या खाचरात जाऊन पडलं. आम्ही चौघं बाजूला उभे होतो. मागे उभे असतो तर हा लेख लिहायला मी नसतो.

तर पहिलं, कंपनीचं कडं. गाडीखाली दिसणारी बरीच कडी ट्रेलरवर किंवा जहाजात गाडी आवळून बांधण्यासाठी असतात. गाडी जागची हलू नये एवढंच त्यांचं काम. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून आट्यांवर फिरवून बसवायचा हुक (काही गाड्यांत हे आटे उलटे असतात) बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर हळू ओढून नेण्यासाठी असतो. त्याला तिरकी ओढ लागली की दांडा वाकतो. आता हेही खरं, की काही लॅडर-फ्रेम (शिडीसारख्या वेगळ्या चासीवर उभ्या) गाड्यांना कंपनीच चासीवर बोल्ट केलेले दणकट हुक देते. ते खुशाल वापरा. पण आपल्या गाडीचं कडं कुठल्या जातीचं आहे हे मॅन्युअल उघडून बघा, ग्रुपवर विचारू नका.

दुसरा मुद्दा पाच टनांचा, आणि खरी गोम इथेच आहे. ओढ किती बसणार हे नुसत्या गाडीच्या वजनावर ठरत नाही. चाकं पूर्ण रुतली की चिखल धरून ठेवतो तो जोरच गाडीच्या वजनाएवढा भरतो, आणि मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट धरायचा, असा जुना ठोकताळा आहे. त्यावर झटका. ओढणारी दोन टनांची गाडी ताशी १० किमी वेगाने पुढे निघाली आणि रुतलेली गाडी जागची हललीच नाही, असं धरू. मधला नायलॉनचा पट्टा ताणून ६० सेंमी लांबला, तर सरळ हिशेबाने सर्वात जास्त ओढ येते सुमारे २.६ टन. तोच वेग, तीच गाडी, पण मध्ये साखळी, आणि सगळं मिळून १० सेंमीच दिलं, तर ओढ जाते १५ टनांच्या वर. म्हणजे तेवढी ओढ येण्याआधीच काहीतरी तुटतं. माझं कडं तसंच तुटलं. शिवाय वेग दुप्पट केला की झटक्यातली ऊर्जा चौपट होते, हे ‘अजून थोडं जोरात घे’ म्हणणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

हुकावरचा आकडा हुकापुरता असतो, हेही विसरू नका. तो ज्या बोल्टांवर उभा आहे ते बघा. गाडीखाली आडवं पडून बोल्टच्या डोक्यावर टॉर्च मारली की ८.८ किंवा १०.९ असा ग्रेड कोरलेला दिसतो. १२ एमएमचा ८.८चा बोल्ट सरळ ताणात साधारण पावणेसात टनांना तुटतो, ४.६चा साडेतीन टनांच्या आतच, आणि आडव्या कातरीत (बोल्ट आडवा कापला जाईल अशा ओढीत) दोन्ही त्याहून बरेच आधी. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट काढून टाका. हुक जाड दहा एमएमचा आणि बोल्ट कोपऱ्यावरच्या हार्डवेअरचे, ही जोडी मी एकापेक्षा जास्त गाड्यांखाली पाहिली आहे.

टो बॉलला पट्टा? कधीच नाही. त्याची मान ट्रेलरच्या संथ ओढीसाठी बनवलेली असते. झटक्याने तुटली की गोळा तोफगोळ्यासारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं मेली आहेत. हिचचा (ट्रेलर जोडायच्या सांगाड्याचा) चौकोनी पाइप चासीला नीट बोल्ट केलेला असेल तर बॉल काढून त्यात शॅकल ब्लॉक (पट्टा अडकवायची कडी असलेला ठोकळा) बसवा. बुलबारबद्दल जास्त बोलायला नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा हवाला देऊन त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे.

वेल्डरकाकांवर माझा राग नाही. पण चासीवर थेट वेल्डिंग केलं की सांध्यालगतच्या पोलादाचा गुणच बदलतो, आणि चीर पडते ती तिथेच. वरून रंग मारल्यावर टाका आतपर्यंत गेलाय की नुसता वर चिकटलाय, हे डोळ्याने कळत नाही. त्यापेक्षा चासीच्या मूळ भोकांवर, किमान दोन बोल्टांनी बसणारे पॉइंट घ्या, पुढे दोन्ही बाजूंना. दोन्हींना एक जोडपट्टा लावून ओढ वाटून घ्यायची. फक्त तो आखूड नको. दोन फाट्यांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक पॉइंटवर अख्खीच ओढ येते, वाटणी नावालाच.

राहिला झटका. त्या दिवशी कडं उडाल्यावर ट्रॅक्टरवाल्या काकांनी पहिल्यांदा काय मागितलं असेल, तर फावडं. चाकांपुढचा चिखल उपसला, खाली बांधावरचे सपाट दगड सरकवले, साखळी चासीच्या आडव्या दांड्याला पोतं गुंडाळून बांधली आणि ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये नुसता चालवत नेला. गाडी हूं की चूं न करता वर आली. कडं मात्र खाचरातच राहिलं. पुढच्या नांगरणीला काकांचा फोन आला: “तुमचा दागिना सापडला, घेऊन जा.”