जखम लवकर भरणे आणि वण कमी राहणे: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भाजलेल्या जखमांवरील ग्रोथ फॅक्टरच्या, म्हणजे पेशींना वाढण्याचा निरोप देणाऱ्या प्रथिनांच्या, उपचारांविषयी मी जे लिहिले, त्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. चाचण्यांत गुण दिसलेला असतानाही मी या औषधांना ‘नुसते भपकेबाज मलम’ म्हणून मोडीत काढले, हा पहिला; आणि जखम लवकर भरली की वणही कमी राहतो ही उघड गोष्ट मी दडवली, हा दुसरा. पहिला आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, दुसरा अर्धाच.

1989 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, रोपणासाठी जिथून त्वचा काढली होती त्या जागांवर नेहमीच्या सिल्व्हर सल्फाडायझीन या जंतुनाशक मलमात ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर मिसळून लावले, तेव्हा त्या सुमारे दीड दिवस आधी भरल्या. चीनमध्ये 600 रुग्णांवर झालेल्या आणि 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एफजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरमुळे दुसऱ्या श्रेणीच्या खोल जखमा (त्वचा खोलवर जळालेली, पण पूर्ण जाडी नव्हे) भरण्याचा काळ सुमारे 21 दिवसांवरून 17 वर आला. दीड दिवस काय किंवा चार दिवस काय, आकडा लहान वाटतो खरा. पण चिकटलेली पट्टी सोडवताना ज्याचा जीव कासावीस होतो, त्याला एक ड्रेसिंग वाचणेही थोडे नसते.

वणाचा प्रश्न मात्र जखमेच्या खोलीवर ठरतो. वरवर भाजलेले असेल तर जाड वण सहसा राहतच नाही, त्यामुळे तिथे घाई करून वणापुरता फारसा लाभ नाही. खोल जखमेत केसांच्या मुळांशी थोड्या पेशी वाचलेल्या असतात. ड्रेसिंग काढल्यावर फिकट गुलाबी तळावर मोत्यासारखे बारीक ठिपके उमटलेले दिसतात, ते याच पेशींचे, आणि ते पसरत एकमेकांना भिडले की जखम झाकली जाते. याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला, तर जाड, उंच, खाजणारा वण होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून नेमक्या याच जखमांत चार दिवसांची बचत मोलाची ठरू शकते, आणि इथे आपले म्हणणे रास्त आहे. त्वचेची पूर्ण जाडी जळाली असेल तर या पेशीच उरत नाहीत. ग्रोथ फॅक्टरने हाक कितीही मारली तरी मोठ्या जखमेच्या मध्यभागी ओ द्यायला कोणी नसते, आणि तिथे त्वचारोपणाला पर्याय राहत नाही.

शिवाय ‘भर’ आणि ‘वण ठेवू नकोस’ हे दोन वेगळे निरोप आहेत. टीजीएफ-बीटा या आणखी एका ग्रोथ फॅक्टरचा पहिला प्रकार कोलॅजेन, म्हणजे त्वचेला बळकटी देणारे तंतू, रचायला लावतो आणि तो रेंगाळला की वण जाड होतो. तिसरा प्रकार वण कमी करील, या आशेने ॲव्होटर्मिन नावाचे औषध तयार झाले. सुरुवातीच्या चाचण्यांत ते चमकले, पण 2011 साली अंतिम टप्प्याच्या चाचणीत अपयशी ठरले. ती चाचणी भाजलेल्या जखमांवर नव्हती, जुने वण शस्त्रक्रियेने काढलेल्या जागांवर होती. तिथे जखमेच्या कडा सरळ आणि स्वच्छ असतात, म्हणजे भाजलेल्या जखमेपेक्षा काम सोपेच. अशा अनुभवानंतर, जखम बंद होण्याच्या दिवसांवरून वणाचा अंदाज बांधायला मी कचरतो.

‘नुसते भपकेबाज मलम’ हे शब्द मी मूळ लेखातून काढून टाकत आहे. ‘वण टाळण्याची हमी नाही’ हे वाक्य मात्र तसेच राहील.