‘सगळं निकालात काढा’ हे वाक्य मेलन यांच्या नावावर किती काळ खपवणार?

शेअर बाजार कोसळला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘1929 च्या मंदीत अमेरिकेचे अर्थमंत्री अँड्र्यू मेलन म्हणाले, कामगार, शेअर, शेतकरी, जमीनजुमला, सगळं निकालात काढा. अध्यक्ष हूवर यांनी तेच केलं, देश बुडाला आणि मेलन यांची लंडनला उचलबांगडी झाली.’

हे शब्द आले ते हूवर यांच्या आठवणींतून. मंदीवरचा तो खंड 1952 सालचा. मेलन 1937 मध्येच वारले होते. निवडणूक हरलेल्या अध्यक्षाने वीस वर्षांनी दिवंगत सहकाऱ्याच्या तोंडी घातलेलं वाक्य अवतरणचिन्हांत छापणं मला अन्यायाचं वाटतं.

हूवर यांनी तेच केलं, हे तर साफ चूक. हा सल्ला आपण मानला नाही, हे सांगण्यासाठीच त्यांनी तो आठवणींत नमूद केला आहे. नोव्हेंबर 1929 मध्ये बड्या कारखानदारांना बोलावून त्यांनी मजुरी कापू नका, अशी गळ घातली. त्याच सुमाराला खुद्द मेलन यांनी आयकरात एक टक्का सूट सुचवली. 1931 मध्ये पहिल्या महायुद्धात युरोपीय देशांना दिलेल्या कर्जांची वसुली वर्षभर थांबवायचं ठरलं, तेव्हा ते आधी नाखूश होते. तरी फ्रेंचांचं मन वळवायला पॅरिसमध्ये वाटाघाटींना बसले तेच, वयाच्या 76 व्या वर्षी.

म्हणून ते दयाळू ठरत नाहीत. सप्टेंबर 1931 मध्ये त्यांच्याच गावची बँक ऑफ पिट्सबर्ग बुडत होती. हूवर यांनी गळ घालूनही मेलन यांनी तिला हवी ती मदत दिली नाही आणि बँकेला टाळं लागलं. याच माणसाने 1889 मध्ये अ‍ॅल्युमिनियम बनवू पाहणाऱ्या नवख्या कंपनीला वडिलांनी काढलेल्या बँकेतून भांडवल पुरवलं होतं. तीच पुढे अल्कोआ झाली. मेलन यांच्यावर राग धरायचाच तर बँक ऑफ पिट्सबर्गपायी धरा, त्याला आधार आहे.

राहिलं लंडन. जानेवारी 1932 मध्ये खासदार राइट पॅटमन यांनी त्यांच्यावर महाभियोगाची मागणी केली. अर्थमंत्र्याने व्यापारधंद्यात असू नये, असा 1789 चा कायदा होता आणि मेलन यांच्याकडे अल्कोआ, गल्फ ऑइल अशा कंपन्यांचे मोठे हिस्से होते. चौकशी चालू असतानाच, फेब्रुवारीत, हूवर यांनी त्यांना ब्रिटनमधलं राजदूतपद दिलं. त्या आरोपपत्रात ‘निकालात काढा’ हे शब्द कुठेच नव्हते.