टाळ आहे का तुमच्याकडे?

पूर्ण वारी नाही जमत तर निदान पुणे ते सासवड तरी चालून ये, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, असं मला तीन-चार जणांनी सांगितलं होतं. पण माऊलींच्या पालखीच्या वाटेवरचा हा सगळ्यात लांबचा टप्पा, 30-32 किलोमीटर, आणि मध्ये दिवे घाट, हे एकानेही सांगितलं नाही. ते मला हडपसरला कळलं, केळी वाटणाऱ्या एका काकांकडून.

हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी सोलापूर रोडने लोणी काळभोरकडे जाते आणि ज्ञानोबांची सासवड रोडला वळते. लोणीचा रस्ता सपाट आहे म्हणे. मी तिथे दोन मिनिटं उभा राहून कोणत्या संतावर आपली जास्त श्रद्धा आहे याचा अगदी प्रामाणिकपणे विचार केला, पण तेवढ्यात मागून लोंढा आला आणि मी आपोआप ज्ञानोबांचा झालो.

वारीत एक मोठी अडचण आहे, इथे भांडताच येत नाही. कुणीतरी तुमच्या अंगठ्यावर अख्खा पाय देतो, तुम्ही तोंड उघडणार, तेवढ्यात तो हात जोडून "माऊली!" म्हणतो. संपलं. आता काय बोलणार? वर आपणच "असू द्या माऊली" म्हणून लंगडत पुढे. पाणी सांडलं, माऊली. पताका डोळ्यात जाता जाता वाचली, माऊली. मी नकळत एका दिंडीत टाळकऱ्यांच्या मध्येच घुसलो, तर मला हाकलताना पण "माऊली, जरा बाहेरून चाला." इतक्या प्रेमाने मला आजवर कुणी बाहेर काढलेलं नाही.

त्या दिवशी एकादशी होती. उपवास आहे, तेवढंच हलकं वाटेल असं समजून निघालो होतो. खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, परत खिचडी, मग "माऊली एवढं घ्याच" वाली खिचडी. वडकी येईपर्यंत उपवासाने पोट इतकं गच्च झालं होतं की घाट समोर दिसल्यावर आधी पँट सैल केली.

घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. मला लावायला कुणी नव्हतं. नवे कोरे शूज, दुकानात "पाय ढगावर ठेवल्यासारखा वाटेल" असं ऐकून घेतलेले, ते दोन्ही टाचा सोलत होते. शेजारून एक आजी डोक्यावर तुळस आणि पायात साध्या स्लिपरा घालून मला ओव्हरटेक करून गेल्या, मग थांबून मागे वळून बघितलं.

"बूट चावला व्हय माऊली?"

"हो ना आजी. किती राहिलं अजून?"

"ह्ये काय, आलंच की!"

हे "आलंच की" मी सकाळपासून किमान वीस वेळा ऐकलं होतं. घाटमाथ्यावर विठोबाची मोठी मूर्ती दिसली तेव्हा वाटलं, खरंच आलं. हात जोडले, डोळे भरून आले वगैरे, आणि मग कळलं की सासवड अजून सात-आठ किलोमीटर आहे.

पोचलो कसा ते विचारू नका. तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या, शेकडो टाळांचा नुसता कल्लोळ, आणि चोपदारांनी दंड वर केला की एकदम चिडीचूप, अंगावर काटा येतो राव. पण एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले. मी शेजारच्या बाबांना विचारलं, यांना दिसलं नाही का? ते म्हणाले, त्या दिंडीची काहीतरी तक्रार असणार. ज्यांची तक्रार असते ते टाळ थांबवत नाहीत, मग चोपदार येऊन ऐकून घेतात.

दिवसभरात पहिल्यांदा माझ्यात जान आली. म्हटलं, "बाबा, माझ्या पण आहेत. पाच-सहा."

बाबांनी माझ्या सोललेल्या टाचांकडे बघितलं, मग रिकाम्या हातांकडे.

"टाळ आहेत का?"

"नाही."

"मग राहू द्या माऊली."