लाकडं आपोआप जमा होतात

आमच्या पिढीची डोंबिवलीतली मुलं युरोपचा मध्ययुगीन इतिहास शाळेत शिकली नाहीत, सायबर कॅफेत शिकली. जोन ऑफ आर्क, सलादिन, बार्बारोसा ही मंडळी आम्हाला नावानिशी ठाऊक होती, कारण त्यांच्या मोहिमा आम्ही स्वतः लढलो होतो. १९९९ मध्ये आलेल्या 'एज ऑफ एम्पायर्स २' या कॉम्प्युटर गेमची ही कृपा. पुढच्या वर्षी त्याचा विस्तार आला, तेव्हा अॅटिला आणि माँटेझुमाशीही घरोबा झाला. इंटरनल परीक्षेत पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं साल विचारलं असतं तर आमच्यातले दोघं नापास झाले असते, पण पर्शियनांच्या हत्तींपुढे भालाईत उभे करायचे हे झोपेतही सांगितलं असतं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, ही पोरं मारामारी खेळतायत. चूक. आम्ही संसार करत होतो.

खेळ सुरू झाला की हातात काय? तीन व्हिलेजर म्हणजे राबणारी माणसं, टेहळणीचा एक घोडेस्वार म्हणजे स्काउट, आणि एक टाउन सेंटर, म्हणजे गावाची मुख्य इमारत. लगेच घर बांधा, नाहीतर माणसं वाढणार नाहीत. मेंढ्या शोधा. सापडलेल्या मेंढ्या आपल्या पायांनी येत नाहीत, त्यांना एकेक क्लिक करून हाकत आणावं लागतं, आणि वाटेत शत्रूचा घोडेस्वार आला तर तो त्या बिनदिक्कत पळवतो. मेंढ्या संपल्या की रानडुक्कर. त्याला एका माणसाने बाण मारायचा आणि जीव मुठीत धरून टाउन सेंटरकडे पळत सुटायचं, डुक्कर मागे. हिशेब चुकला की माणूस गेला. मग शेती. शेतीला साठ लाकूड, आणि ती कायमची नाही. ऐन लढाईत, शत्रू दारात असताना, शेत संपलं म्हणून चार शेतकरी हात बांधून उभे. मिलमध्ये जाऊन आगाऊ पेरणीची नोंद करून ठेवली नसेल तर सैन्याच्या जेवणाचे वांधे.

आणि लाकूड! झाड तोडायचं, खांद्यावर घ्यायचं, लंबर कॅम्पपर्यंत, म्हणजे लाकूड जमा करायच्या कोठारापर्यंत, चालत जायचं, टाकायचं, परत यायचं. कॅम्प झाडापासून चार पावलं लांब बांधला तर त्या चार पावलांचा भुर्दंड अख्ख्या डावभर. माझा मित्र मंद्या या विषयावर इतका पोटतिडकीने बोलायचा की कॅफेवाल्याने त्याला एकदा "वखार टाक ना रे तू" असा सल्ला दिला होता. माझं सैन्य बेताचंच असायचं, पण कॅम्प झाडाला अगदी चिकटून.

अशात ऑक्टोबर २००५ मध्ये तिसरा भाग आला.

तो चालायला ६४ एमबीचं ग्राफिक्स कार्ड लागायचं. आमच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक्स होतं, पण ते मदरबोर्डवरच चिकटलेलं, टॅली आणि सॉलिटेअरपुरतं. खेळ टाकला, आयकॉनवर डबल-क्लिक केलं, एक खिडकी उघडली आणि तिने मला माझी पायरी दाखवून दिली. मग बाबांकडे अर्ज.

"हे कार्ड नसलं तर काय होतं?"

"थ्रीडी नीट दिसत नाही, बाबा."

"अभ्यासात थ्रीडी असतं?"

"ऑटोकॅड असतं."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना ऑटोकॅड ठाऊक नव्हतं, पण मी ठाऊक होतो. तरी पैसे दिले.

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, "एजीपी या पीसीआय एक्सप्रेस?" माझ्या मदरबोर्डची जातकुळी मला कुठे माहीत? त्याने एक खोका काढला, "चलेगा, नहीं चला तो बदल देंगे" म्हणाला, आणि मी डोंबिवली फास्टला तो खोका पोटाशी धरून उभा राहिलो. घरी येऊन कॅबिनेट उघडलं तर कार्डाची पट्टी एका मापाची, खाच दुसऱ्या मापाची. परत लॅमिंग्टन रोड. आता त्याच दुकानदाराच्या तोंडी "सील टूटा हुआ है". बदलून मिळालं, पण वर चारशे रुपये देऊन. आणि ते चारशे ऑटोकॅडच्या खात्यात कसे बसवले ते बाबांना आजही सांगितलेलं नाही.

शेवटी खेळ चालला. आणि कबूल करायला हवं, दिसायला देखणा होता. पाण्यावर ऊन चमकत होतं, तोफेचा गोळा लागला की इमारतीचा तुकडा निखळून पडत होता, माणसं हवेत उडत होती. आईसुद्धा स्वयंपाकघरातून येऊन दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "समुद्र छान आहे हो." माझं कार्ड तो समुद्र ओढताना धापा टाकत होतं, म्हणून तिची पाठ वळताच सेटिंगमध्ये जाऊन पाणी साधं करून टाकलं.

मग पहिला माणूस लाकडाला लावला. तो झाडापाशी गेला, कुऱ्हाड चालवू लागला, आणि वरच्या पट्टीत लाकडाचा आकडा वाढायला लागला. माणूस जागचा हललाच नाही. मला वाटलं काहीतरी बिघडलंय. लंबर कॅम्प कुठे बांधायचा म्हणून सगळी बटणं चाळली. नव्हताच. तिसऱ्या भागात कोणीच काही वाहून आणत नाही. झाड तोडलं की लाकूड जमा, हरीण कापलं की अन्न जमा. ते कुठे जातं, कोण नेतं, कोणाला विचारायची सोय नाही.

पुढे शेती बघितली. शेतच नाही. मिल बांधायची, माणसं सोडायची, ती जन्मभर दळत राहणार. पेरणी नाही, संपणं नाही, हात बांधून उभं राहणं नाही. सोन्याचंही तेच: खाण संपली तर प्लँटेशन लावा, पैसा अखंड. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या राज्यात कोणाला काही अडचण नव्हती, आणि मला करायला काही काम नव्हतं. मंद्याला फोन केला. तोही खेळत होता. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "अरे, कॅम्पच नाही रे."

पण खरा घाव पुढेच होता. दगड नाही! अन्न, लाकूड आणि नाणी, बास. दुसऱ्या भागात साडेसहाशे दगड साठवून किल्ला उभा करायचा, तो हळूहळू वर चढताना बघायचा, आणि अर्धा झाला असताना शत्रूने हल्ला केला की डोळ्यांत पाणी यायचं. दिवाळीत गॅलरीत मातीचा किल्ला करून त्यावर अळीव पेरणारी पोरं आम्ही. आम्हाला दगड नाकारणं म्हणजे मर्मावरच घाव. तिसऱ्या भागात किल्ला मिळतो, पण तो बांधायचा नसतो, मागवायचा असतो. एक बैलगाडीसारखी गाडी येते, आपण जागा दाखवायची, गाडीचा किल्ला होतो. भिंती लाकडाच्या. तोरणा आणि राजगड पाहिलेल्या माणसाने लाकडी भिंतीआड काय म्हणून उभं राहायचं?

ही गाडी येते 'होम सिटी'तून. तिसऱ्या भागातली ही सगळ्यात मोठी नवलाई. तुम्ही अमेरिकेच्या रानात वसाहत करताय आणि तुमचं गाव युरोपात आहे. लढून-बिढून अनुभव जमला की गावाकडून काहीतरी पाठवतात. कधी सहाशे लाकूड, कधी तीन माणसं, कधी दोन तोफा. गावाहून एसटीने कंडक्टरच्या हाती डबा यावा तसं. आता डबा कोणाला नको असतो? पण डब्यात काय यायचं हे पत्त्यांवर, म्हणजे खेळातल्या कार्डांवर, ठरायचं, आणि चांगले पत्ते होम सिटीची लेव्हल वाढल्याशिवाय मिळत नसत. आमच्यातल्या पक्याला कॅम्पसमधून नोकरी लागली होती, जॉइनिंग लांबलं होतं, त्यामुळे तो दिवसरात्र खेळून लेव्हल चढवून बसलेला. आम्ही सबमिशन लिहून रात्री बसायचो तेव्हा आमच्या गावाकडून लाकडं यायची आणि त्याच्या गावाकडून तोफा. कौशल्यात तो आमच्याहून काडीभर सरस नव्हता. वरून त्या गावाला सजवायचीही सोय: घरांचे रंग बदला, रस्त्यावर कसरती करणारे उभे करा. त्या कसरतवाल्यांचा लढाईत उपयोग शून्य. पक्याने सगळे उभे केले होते.

बारीकसारीक दुःखं तर किती. पहिल्या भागापासून 'वोलोलो' करत शत्रूचा माणूस आपल्याकडे वळवणारे धर्मगुरू असायचे. तिसऱ्यात ते फक्त मलमपट्टी करतात. एक एक्सप्लोरर दिलाय, तो मरत नाही. पडला तर पडून राहतो, मग त्याला कोणीतरी उठवायचं किंवा खंडणी भरून सोडवायचं. पक्याच्या मते हेच उत्तम, "हीरो आहे तो." मंद्याच्या मते जो मरत नाही त्याने पुढे व्हायचं नाटक करू नये.

आता न्यायाने बोलायचं तर तिसराच भाग भारी हे पक्याचं म्हणणं अगदीच फालतू नव्हतं. लढाया तिसऱ्यात जास्त रंगतात. प्रत्येक देशाची चाल खरोखर वेगळी आहे: ऑटोमनांची माणसं फुकट आणि आपोआप जन्माला येतात, डच बँका काढून बसतात, इंग्रजांनी घर बांधलं की त्यातून एक माणूस बाहेर येतो. हाच खेळ दुसऱ्या कुठल्या नावाने आला असता तर आम्ही त्याची तोंडभरून स्तुती केली असती. नावापुढे 'तीन' लावल्यामुळे तो घरचा झाला, आणि घरच्याला आपण सोडत नाही.

२००७ मध्ये आशियाचा विस्तार आला, त्यात भारत. आम्ही पुन्हा मोहरलो. भारताचा व्हिलेजर अन्न देऊन मिळत नाही, लाकूड देऊन मिळतो. का, ते विचारू नका. गाई कापता येत नाहीत, त्यांना एका पवित्र कुरणात ठेवून अनुभव कमवायचा. हे मात्र आजीलाही पटलं. ताजमहाल बांधला तर एक बटण मिळतं, दाबलं की थोडा वेळ सगळ्यांची लढाई बंद. राजधानी दिल्ली, नेता अकबर, आणि मोहीम १८५७ची. त्या मोहिमेचा नायक नानिब साहिर. हे नाव वाचून मंद्या नानासाहेब पेशव्यांच्या बिठूरच्या दिशेला तोंड करून बसला. तिसऱ्या भागाचा काळ म्हणजे वसाहतींचा, तोफा-बंदुकांचा, गलबतांचा, नेमका आमचा. सतरावं शतक त्यात, अठरावं त्यात, आणि मराठे म्हणून वेगळं खातं नाही. भारत म्हणून जे आलं त्यात आमचं मिळेल तेवढं आम्ही शोधत राहिलो.

पुढे २००९ मध्ये ज्या स्टुडिओने हे तिन्ही भाग केले तो बंद झाला. आणि गंमत बघा, दुसरा भाग मेलाच नाही. २०१३ मध्ये रंगसफेदी होऊन आला, २०१९ मध्ये आणखी देखणा होऊन आला, २०२२ मध्ये त्यात गुर्जर, बंगाली आणि द्रविड आले. जगभरच्या स्पर्धा अजून त्याच्यावर होतात. एकविसाव्या शतकात शेत संपलं की आपोआप पेरणी करणारं बटणही त्यात बसवलंय. मी ते बंद ठेवतो. मंद्या तर ते बटण असलेल्या माणसाबरोबर खेळत नाही.

२०२१ मध्ये चौथा भाग आला तेव्हा पक्या अमेरिकेत, मंद्या पिंपरीत आणि मी अजून डोंबिवलीतच. पक्याने रात्री व्हिडिओ कॉल लावला आणि विजयी स्वरात यादीच वाचली. दगड परत आला. दगडी किल्ले परत आले. लाकूड खांद्यावरून वाहून न्यावं लागतं, लंबर कॅम्प झाडाजवळ बांधावा लागतो. दिल्ली सल्तनत आहे, हत्ती आहेत. "आता तरी खूश ना म्हाताऱ्यांनो?"

आम्ही दोघांनी घेतला. एक रविवार जमवून खेळायला बसलो. मंद्याने घोडेस्वार बाहेर काढला, पहिली मेंढी सापडली. मी कॉलवर त्याच्या प्रतिक्रियेची वाट बघत होतो. बराच वेळ काही नाही.

"काय झालं रे?"

"मेंढ्या," तो म्हणाला. "स्काउटच्या मागे मागे आपोआप चालतायत."