गावाचे काही बिघडले नाही, हे साफ खोटे आहे

गेले काही दिवस एक संदेश मोबाईलवर फिरतो आहे. त्याचा आशय असा: 2006 साली अमेरिकेने हाक दिली तेव्हा अलास्कातले एस्किमो बर्फाची घरे सोडून आनंदाने इराकच्या युद्धावर गेले, ते अर्धवेळ सैनिक होते, एरवी सरकारी पैशावर घरीच बसून असत, त्यामुळे त्यांच्या जाण्याने गावाचे काही बिघडले नाही, देशाने त्यांचा लगोलग सन्मान केला, आणि त्यांनी कधी काही मागितले नाही, आपले आदिवासी मात्र सवलतींपलीकडे बोलत नाहीत. धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरची, दहावीपर्यंत माझ्याकडे शिकलेली एक मुलगी आता नाशिकला वसतिगृहात राहते. तिच्या वर्गाच्या गटात हा संदेश आला, त्याखाली पसंतीचे अंगठे उमटले, आणि तिने तो मला पाठवून एवढेच विचारले, "सर, हे खरे आहे का?"

बर्फाच्या घरांवर मी वेळ घालवणार नाही. ज्यांना हा संदेश एस्किमो म्हणतो ते अलास्कातले युपिक आणि इनुपियाक लोक लाकडी घरांत राहतात, त्यांच्या गावांत शाळा आहेत आणि दवाखानेही आहेत.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. त्यांना कोणी पकडून नेले नव्हते. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती 1973 सालीच थांबली आणि अलास्कातल्या मूलनिवासींमध्ये सैन्यात जाण्याची परंपरा खरोखरच मोठी आहे. पण नाव नोंदवताना हे लोक कशासाठी नोंदवत होते, तेही पाहिले पाहिजे. नॅशनल गार्ड हे साधारण आपल्या प्रादेशिक सेनेसारखे दल आहे: महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून सुमारे दोन आठवडे सराव. अलास्काच्या किनाऱ्यावरच्या गार्डच्या तुकड्यांनी शीतयुद्धाच्या काळात अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीवर पहारा दिला, तो आपल्याच गावात राहून, आपल्या ओळखीच्या बर्फावर. जून 1955 मध्ये सोव्हिएत विमानांनी पाडलेले अमेरिकी नौदलाचे एक विमान अलास्काच्या सेंट लॉरेन्स बेटावर कोसळले, तेव्हा तिथल्या गॅम्बेल गावातले गार्डचे जवान आणि गावकरी धावून गेले आणि विमानातले अकराही जण वाचले. 2006 साली याच दलातल्या सुमारे सहाशे जणांना बोलावणे आले आणि मिसिसिपीतल्या तळावर सराव करून घेऊन त्यांना कुवेत आणि इराकच्या वाळवंटात रवाना करण्यात आले. हुकूम आल्यावर तो पाळावाच लागतो. त्याला आनंद म्हणणे हा त्या माणसांवर अन्याय आहे.

आता ज्या वाक्याने मला खरा संताप आला, ते वाक्य: "गावाचे काही बिघडले नाही." अलास्काच्या मत्स्य व वन्यजीव खात्याने वर्षानुवर्षे गावोगाव मोजदाद केली आहे. तिच्यानुसार ग्रामीण अलास्कात दर माणशी वर्षाला शंभर किलोहून अधिक अन्न शिकारीतून, मासेमारीतून आणि रानातून येते. ही हौसेची शिकार नाही, तो घरचा शिधा आहे. बेथेलसारख्या मोठ्या गावापर्यंतही बाहेरून रस्ता जात नाही, सामान विमानाने किंवा उन्हाळ्यात बोटीने येते आणि दुकानातल्या भावाला हात लाववत नाही. उन्हाळ्यात सॅमन मासा धरून, चिरून, ताटव्यांवर वाळत घालायचा आणि धुरीच्या खोपटात टांगायचा. सप्टेंबरात मूस या मोठ्या हरणाची शिकार. वसंतात बर्फ फुटू लागला की सील. हे करणारा धडधाकट माणूस आपल्या घराबरोबर म्हाताऱ्या आत्याचे आणि विधवा शेजारणीचेही घर चालवतो, कारण शिकार वाटून खाण्याची तिथली रीत आहे. दोन-तीनशे वस्तीच्या गावातून असे चार जण वर्षाहून अधिक काळ निघून गेले, तर मूस, सील आणि सॅमन हे तिन्ही हंगाम त्यांच्या हातून जातात. सैन्याच्या हिशेबात हा माणूस अर्धवेळ असेल, गावाच्या हिशेबात तो पूर्णवेळ होता. पगार सुरू असतो हे खरे, पण पगाराने बर्फाची पारख असलेला माणूस विकत मिळत नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीला हे समजावून सांगावे लागले नाही. तिचे वडील आणि काका दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जातात, तेव्हा पाड्यावर कोण उरते आणि कोणाची काय अडचण होते, हे तिने लहानपणापासून पाहिले आहे.

सन्मानाची कथाही उलटीच आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानने अलास्काच्या अल्यूशियन बेटांवर हल्ला केल्यावर उभ्या राहिलेल्या अलास्का टेरिटोरियल गार्डमध्ये सहा हजारांहून अधिक लोकांनी बिनपगारी काम केले. 1947 मध्ये दल मोडले, आणि ते माजी सैनिक आहेत हे मान्य करणारा कायदा व्हायला 2000 साल उजाडले, तोवर बहुतेक जण गेले होते. गॅम्बेलच्या जवानांना 1955 च्या त्या कामासाठी राज्याचे शौर्यपदक मिळाले 2023 मध्ये. इराकहून परतलेल्यांचेही तसेच: नियमित सैनिक तुकडीसह तळावर परततो, गार्डचा जवान एकटा आपल्या गावी जातो, आणि माजी सैनिकांच्या वैद्यकीय सेवेसाठी त्याला पुष्कळदा विमानाने अँकरेज हे अलास्कातले मोठे शहर गाठावे लागते.

राहता राहिले "त्यांनी कधी काही मागितले नाही" हे वाक्य. त्यांनी जमीन मागितली, संघटना बांधून, वर्षानुवर्षे भांडून मागितली. 1971 च्या कायद्याने त्यांना सुमारे 4 कोटी 40 लाख एकर जमीन आणि 96 कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. त्याच कायद्याने शिकारीचे आणि मासेमारीचे परंपरागत हक्क मात्र काढून घेतले, आणि त्यासाठी ते आजही भांडत आहेत. हे मागणारे आणि सैन्यात जाणारे लोक एकाच गावातले, एकाच घरातले आहेत. तिला मी हेच लिहून पाठवले आणि वर्गाच्या त्याच गटात टाकायला सांगितले.